आजन्म नेमणूक आणि तिचा उपयोग : फेडरल न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांची कारकीर्द

विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : अमेरिकेतील फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायाधीशाला निवडणूक लढवावी लागत नाही, निवृत्तीचे वय नाही, त्याचे वेतन कुणी कमी करू शकत नाही, मग अशा माणसाला अंकुश तो कशाचा, आणि इतके संरक्षण देऊन समाजाच्या पदरात नेमके काय पडते, हे एखाद्या न्यायाधीशाच्या आयुष्यावरून समजावून सांगता येईल का?

कारागृहे आणि शासकीय मनोरुग्णालये यांच्या स्थितीविषयीच्या याचिका मी उच्च न्यायालयात अनेक वर्षे चालवत आलो आहे. या कामात ज्या परदेशी न्यायाधीशाच्या निकालपत्रांकडे मला पुन्हा पुन्हा वळावे लागले, त्यांचे नाव फ्रँक मिनिस जॉन्सन. १९५५ पासून १९७९ पर्यंत ते अलाबामा राज्याच्या मध्य विभागातील फेडरल जिल्हा न्यायालयात होते आणि त्यानंतर अपील न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयात ते कधीच बसले नाहीत. म्हणूनच या प्रश्नासाठी मला त्यांचे उदाहरण योग्य वाटते, कारण साक्षीपुरावा ऐकणे, आदेश देणे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणे ही तिन्ही कामे जिल्हा न्यायाधीशालाच करावी लागतात.

आधी नेमणुकीविषयी. अमेरिकेच्या राज्यघटनेतील तिसऱ्या अनुच्छेदानुसार फेडरल न्यायाधीश ‘सद्वर्तन असेपर्यंत’ पदावर राहतो. त्याला काढायचे तर प्रतिनिधीगृहाने महाभियोग मंजूर करावा लागतो आणि सिनेटने दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवावे लागते. आजवरच्या इतिहासात या मार्गाने पदावरून गेलेले न्यायाधीश अवघे आठ आहेत. संरक्षण एवढे भक्कम असले तरी नेमणूक मात्र उघडउघड राजकीय असते, हे लपवण्यात अर्थ नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट त्याला मान्यता देते आणि त्या त्या राज्यातील सिनेटरांच्या मर्जीला मोठे वजन असते. आपल्याकडच्या कॉलेजियम पद्धतीवर टीका करताना अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांनी ही बाजूही पाहिली पाहिजे.

जॉन्सन यांची नेमणूकही याला अपवाद नव्हती. त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९१८ रोजी उत्तर अलाबामातील विन्स्टन परगण्यात झाला. हा डोंगराळ, लहान शेतकऱ्यांचा भाग. १८६१ मध्ये अलाबामाने संघराज्यातून फुटून निघण्याचा निर्णय घेतला तेव्हा या परगण्याने त्याला विरोध केला होता आणि पुढे डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या अभेद्य राज्यातही तो रिपब्लिकन राहिला. जॉन्सन यांचे वडील राज्याच्या विधिमंडळात रिपब्लिकन पक्षाचे एकटे सदस्य होते. बहुसंख्यांपेक्षा वेगळे मत बाळगून त्यांच्याच शेजारी राहायचे कसे, हे या घरातल्या मुलाला कुणी वेगळे शिकवण्याची गरज नव्हती. अलाबामा विद्यापीठातून १९४३ मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते युद्धावर गेले, नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झाले आणि परत येऊन त्यांनी जॅस्पर या गावी वकिली सुरू केली. १९५२ च्या निवडणुकीत त्यांनी आयझेनहॉवर यांचा राज्यात प्रचार केला. १९५३ मध्ये ते उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील झाले आणि २२ ऑक्टोबर १९५५ रोजी, सिनेटचे अधिवेशन नसताना, राष्ट्राध्यक्षांनी त्यांना मॉन्टगोमेरी येथे न्यायाधीश नेमले. तेव्हा त्यांना सदतीस वर्षे पूर्ण व्हायची होती आणि देशातील फेडरल न्यायाधीशांत ते वयाने सर्वांत लहान होते.

पुढच्या तारखा नीट पाहण्यासारख्या आहेत. १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरीतच रोझा पार्क्स यांनी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला आणि शहरातील कृष्णवर्णीयांनी बससेवेवर बहिष्कार टाकला. जॉन्सन यांची नेमणूक अजून तात्पुरती होती. सिनेटने तिच्यावर ३१ जानेवारी १९५६ रोजी शिक्कामोर्तब केले, आणि वकील फ्रेड ग्रे यांनी बसमधील वर्णभेदाविरुद्धचा ब्राउडर विरुद्ध गेल हा दावा दुसऱ्याच दिवशी, १ फेब्रुवारीला, दाखल केला. दावा महिनाभर आधी आला असता तर दक्षिणेकडील सिनेटरांनी या तरुण न्यायाधीशाचे नाव इतक्या सहज पुढे जाऊ दिले असते, असे मला वाटत नाही. तात्पुरत्या आणि कायम नेमणुकीत फरक काय, असे विचारणाऱ्यांना मी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.

तो दावा तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे चालला. अपील न्यायालयाचे रिचर्ड रिव्हज, उत्तर विभागाचे सीबर्न लिन आणि जॉन्सन. अशा पीठात चर्चेच्या वेळी सर्वांत कनिष्ठाने आधी मत सांगावे असा रिवाज होता. जॉन्सन यांनी सांगितले की सार्वजनिक सेवेतील वर्णभेद कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या विरुद्ध आहे. रिव्हज यांचेही मत तेच पडले. लिन यांनी भिन्न मत लिहिले आणि त्यांचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने पोकळ नव्हता : सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये फक्त शाळांपुरता निर्णय दिला आहे, वाहतुकीत ‘वेगळी पण समान’ सोय चालते असे सांगणारा १८९६ चा निवाडा स्पष्ट शब्दांत रद्द झालेला नाही, तेव्हा कनिष्ठ न्यायालयाने तो झाला असे धरून चालू नये. बहुमताने मात्र १८९६ च्या निवाड्याचा पायाच आता उरलेला नाही असे धरले. निकाल ५ जून १९५६ रोजी लागला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

यानंतर त्यांना शेजारापाजाराने जवळजवळ वाळीत टाकले. त्यांच्या घरापुढे वर्णद्वेष्ट्यांची धमकीची खूण म्हणून क्रूस जाळण्यात आला, धमक्यांची पत्रे आणि फोन सुरू झाले, पुढे वर्षानुवर्षे फेडरल मार्शलांचा पहारा बसला. १९६७ मध्ये त्यांचा समावेश असलेल्या पीठाने राज्यातील जवळपास शंभर शाळा-मंडळांना एकाच आदेशाने वर्णभेद संपवण्यास सांगितले, आणि त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. सुदैवाने आई बचावली. आजन्म नेमणूक पद वाचवते, वेतन वाचवते; माणसाचे घर, त्याचा शेजार आणि मुलाबाळांचे वाट्याला येणारे आयुष्य ती वाचवू शकत नाही. विद्यार्थ्याने ‘इतके संरक्षण’ असे म्हटले आहे म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता अंकुशाचा प्रश्न. जॉन्सन यांच्या कामात मला खरा अंकुश दिसतो तो पुराव्याचा आणि कार्यपद्धतीचा, आणि त्यासाठी त्यांच्या गाजलेल्या निकालांपेक्षा मतदार नोंदणीचे दावे वाचणे अधिक उपयोगी आहे. तेव्हा अलाबामात मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर लांबलचक अर्ज भरावा लागे आणि घटनेविषयीची परीक्षा द्यावी लागे. कागदावर नियम सर्वांना सारखा होता. टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांची नामांकित शिक्षणसंस्था आणि मोठे सरकारी रुग्णालय असल्यामुळे त्या मेकन परगण्यात प्राध्यापक, डॉक्टर, परिचारिका अशी शिकलेली मंडळी भरपूर होती, तरी त्यांचे अर्ज किरकोळ चुकीसाठी फेटाळले जात किंवा नोंदणी अधिकारी कार्यालयात सापडतच नसत. जॉन्सन यांनी नोंदणी कार्यालयाचे दप्तर पुराव्यात घेतले आणि गोऱ्यांचे मंजूर झालेले अर्ज व कृष्णवर्णीयांचे नामंजूर झालेले अर्ज समोरासमोर ठेवले. गोऱ्या अर्जदारांच्या अर्जांत तशाच, किंबहुना जास्त, चुका होत्या, आणि काही ठिकाणी अधिकाऱ्यांनीच त्यांना उत्तरे पुरवली होती.

यावर त्यांनी जो तोडगा काढला तो मी आजही कनिष्ठ वकिलांना समजावून सांगतो. नियम रद्द केला असता तर राज्याने आणखी कडक नवा नियम आणून तो यापुढे सर्वांना सारखा लावला असता, आणि आधीच नोंदले गेलेले गोरे आत, न नोंदलेले कृष्णवर्णीय बाहेर, अशी स्थिती कायमची गोठली असती. म्हणून जॉन्सन यांनी सांगितले की ज्या गोऱ्या अर्जदाराची पात्रता सर्वांत कमी असूनही त्याचे नाव नोंदले गेले, तीच पातळी आता कृष्णवर्णीय अर्जदारालाही लावायची. मोठे तत्त्व उच्चारणे तसे सोपे असते. तत्त्वातून पळवाट कुठे निघेल हे ओळखून ती आदेशातच बुजवणे अवघड, आणि त्यासाठी दप्तराचे पान न् पान चाळावे लागते. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यामागे अशाच दाव्यांतून साठलेला अनुभव होता.

त्यांच्या पुराव्याच्या या शिस्तीचा फटका दोन्ही बाजूंना बसला. टस्कीगी शहराच्या हद्दी अठ्ठावीस बाजूंच्या विचित्र आकारात आखून जवळपास सर्व कृष्णवर्णीय मतदारांना शहराबाहेर काढण्यात आले होते. ते प्रकरण १९५८ मध्ये त्यांच्यापुढे आले तेव्हा, नगरहद्द ठरवण्याच्या राज्याच्या अधिकारात हस्तक्षेप करण्याची मुभा तत्कालीन निवाड्यांत दिसत नाही, असे म्हणून त्यांनी दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये तो निर्णय फिरवला. त्यांचे विद्यापीठातील सहाध्यायी जॉर्ज वॉलेस त्या वेळी राज्याच्या न्यायालयात न्यायाधीश होते. १९५९ मध्ये जॉन्सन यांचा आदेश असतानाही त्यांनी नागरी हक्क आयोगाला मतदार याद्यांचे दप्तर देणार नाही अशी जाहीर गर्जना केली आणि आतून ते ग्रँड ज्युरीमार्फत (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळामार्फत) पोहोचते केले. अवमानाची कारवाई चालवताना जॉन्सन यांनी नोंद केली की आडमार्गाने का होईना, आदेश पाळला गेला आहे, आणि वॉलेस यांना निर्दोष सोडले. तुरुंगात जाऊन हुतात्मा होण्याची सोय त्यामुळे उरली नाही. पुढे १९६२ च्या राज्यपालपदाच्या प्रचारात वॉलेस यांनी सभांमधून जॉन्सन यांना शेलक्या शब्दांत खोटारडे म्हटले, तरी जॉन्सन यांनी उत्तर कधी सभेतून दिले नाही.

सेल्माच्या मोर्चाचेही तसेच. ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना झोडपले आणि ती दृश्ये देशभर दूरचित्रवाणीवर दिसली. लोकभावना मोर्चाच्या बाजूने असताना जॉन्सन यांनी ९ मार्चला उलट मोर्चालाच तात्पुरती मनाई केली : सुनावणी होईपर्यंत कुणीही निघायचे नाही. या आदेशाने चळवळीतील अनेकांना धक्का बसला. सुनावणीत साक्षी झाल्या, पुलावरील चित्रीकरण न्यायालयात दाखवले गेले, आणि मोर्चेकऱ्यांकडून संपूर्ण आराखडा मागवला गेला : माणसे किती, मुक्काम कुठे, अन्नपाण्याची सोय काय. १७ मार्चच्या आदेशात त्यांनी परवानगी दिली आणि असे सूत्र मांडले की निदर्शनाच्या हक्काची व्याप्ती ज्या अन्यायाविरुद्ध निदर्शन आहे त्याच्या मोठेपणाशी प्रमाणात असली पाहिजे. हे सूत्र कायद्याच्या दृष्टीने वादग्रस्त आहे, कारण निदर्शकांचा मुद्दा किती रास्त आहे हे न्यायाधीशाने ठरवू नये असा सर्वसाधारण नियम आहे. माझेही मत असे की हे सूत्र त्या प्रकरणाबाहेर न नेलेलेच बरे. पण आदेशातील बारकावा पाहावा : जिथे महामार्ग दोनपदरी होता तिथे तीनशेपेक्षा जास्त माणसे चालणार नाहीत अशी अट होती आणि मोर्चाला संरक्षण देण्याची जबाबदारी तोवर राज्यपाल झालेल्या वॉलेस यांच्या राज्य सरकारवर टाकली होती.

आता ज्या प्रकरणासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले त्याकडे येतो. टस्कलूसा येथील ब्राइस रुग्णालय हे अलाबामाचे सरकारी मनोरुग्णालय. १९७० मध्ये सिगारेटवरील कराचे उत्पन्न घटल्यावर तेथील शंभराच्या आसपास कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले, आणि त्यांनी रुग्णांना सोबत घेऊन दावा लावला. कर्मचाऱ्यांच्या नोकरीपेक्षा रुग्णांवर उपचार होतात की नाही हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे जॉन्सन यांच्या लगेच लक्षात आले आणि दावा त्या वाटेने गेला. वायट विरुद्ध स्टिकनी या नावाने तो ओळखला जातो. पुरावा असा होता : रुग्ण सुमारे पाच हजार, आणि प्रत्यक्ष उपचारांच्या कामावर मानसशास्त्रातील डॉक्टरेट असलेली एक व्यक्ती, मानसोपचाराचे थोडेफार प्रशिक्षण असलेले तीन डॉक्टर व दोन प्रशिक्षित समाजकार्यकर्ते. जेवणावर दर रुग्णामागे दिवसाला पन्नास सेंटही खर्च होत नव्हते. आत असलेल्यांपैकी बरेच जण केवळ म्हातारे किंवा मतिमंद होते, ज्यांना दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती.

१२ मार्च १९७१ च्या आदेशातील तर्क साधा आहे : उपचार करू असे सांगून राज्याने माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कोंडले आणि मग उपचार केले नाहीत, तर कोंडण्याचे कारणच नाहीसे होते आणि उरतो तो निव्वळ तुरुंगवास, तोही गुन्ह्याशिवाय आणि मुदतीशिवाय. त्यांनी लगेच काही लादले नाही. राज्याला सहा महिने दिले आणि मानके तुम्हीच सुचवा म्हटले. राज्याने समाधानकारक काही केले नाही, तेव्हा तज्ज्ञांच्या साक्षी घेतल्या, दोन्ही पक्षांना बसवून शक्य तितक्या मानकांवर त्यांची सहमती घेतली आणि १३ एप्रिल १९७२ रोजी अंतिम मानके लागू केली. एका खोलीत सहांपेक्षा जास्त रुग्ण नकोत, प्रत्येकामागे किमान ऐंशी चौरस फूट जागा, आठ रुग्णांमागे एक शौचालय, पंधरांमागे एक स्नानगृह, अंगावर स्वतःचे कपडे घालण्याचा आणि पत्रे पाठवण्याचा हक्क, दर अडीचशे रुग्णांमागे किती डॉक्टर, किती परिचारिका, किती आचारी, आणि प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र उपचार-योजना. खोलीचे तापमान किती अंशांच्या दरम्यान असावे हेसुद्धा त्यात आहे.

न्यायाधीशाने शौचालये मोजावीत का, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आपल्याकडच्या जनहित याचिकांवरही तो घेतला जातो. माझे उत्तर वकिलीच्या अनुभवातून आलेले आहे. ‘पुरेशा सोयी पुरवाव्यात’ असा आदेश मिळाला की शासनाकडून पुढच्या तारखेला ‘पुरेशा सोयी पुरवल्या आहेत’ असे प्रतिज्ञापत्र येते. त्यावर उत्तर द्यायला याचिकाकर्त्याच्या हातात काहीच नसते, कारण पुरेसे म्हणजे काय हे कुठे लिहिलेलेच नसते. आठ रुग्णांमागे एक शौचालय असे लिहिले की कुणीही आत जाऊन मोजू शकते. शीला बरसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८३ च्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील कोठडीतल्या स्त्रियांविषयी जे निर्देश दिले त्यांचा जोर याच कारणाने आहे : स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, तेथे स्त्री पोलिसांचा पहारा, न्यायाधीशाने अचानक जाऊन पाहणी करणे, या गोष्टी झाल्या की नाही हे सांगता येते.

आणि इथेच आजन्म नेमणुकीचा खरा उपयोग दिसतो. निकालाच्या दिवशी धैर्य दाखवायला फार तर एक दिवस लागतो. आदेश अमलात यायला दहा-वीस वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात राज्यपाल बदलतात, अंदाजपत्रके बदलतात, आयुक्त बदलतात. न्यायाधीश बदलला नाही तर प्रत्येक तारखेला नव्याने सगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे कामवाटप बदलले की याचिका नव्या पीठापुढे जाते आणि मागच्या पीठाने जेलभेटीत डोळ्यांनी पाहिलेले केवळ इतिवृत्तापुरते उरते. हा अनुभव घेतलेल्या प्रत्येक वकिलाला मी काय म्हणतो ते कळेल.

कारागृहांबाबत १३ जानेवारी १९७६ चा त्यांचा निकाल याच पठडीतला. ड्रेपर कारागृह ६३२ कैद्यांसाठी बांधलेले आणि आत हजारांवर कैदी. तेथील शिक्षेच्या कोठड्या चार फूट बाय आठ फुटांच्या. खाट नाही, दिवा नाही, नळ नाही, जमिनीत एक भोक, आणि एकेका कोठडीत पाच-सहा माणसे. जॉन्सन यांनी ही स्थिती क्रूर शिक्षेच्या घटनात्मक मनाईत बसवली, नवे कैदी घेण्यावर बंधन घातले आणि देखरेखीसाठी नागरिकांची मोठी समिती नेमली. अपील न्यायालयाने मूळ निष्कर्ष कायम ठेवला, पण त्या समितीसह आदेशाचा काही भाग कापला. विद्यार्थ्याने विचारलेला अंकुश तो हा : वरचे न्यायालय, जे जॉन्सन यांना मधूनमधून थांबवत राहिले. कधी त्यांचेच भिन्न मत वर टिकले, जसे मॅक्सवेल हवाई तळावरील लेफ्टनंट शॅरन फ्रॉन्टिएरो यांना पुरुष अधिकाऱ्यांप्रमाणे कुटुंब-भत्ता मिळावा की नाही या प्रकरणात. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी पीठाच्या बहुमताचा निर्णय फिरवला.

उरलेले थोडक्यात. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयच्या संचालकपदासाठी निवडले, पण तपासणीत रक्तवाहिनीचा विकार आढळल्याने ते नाव मागे घ्यावे लागले. १९७९ मध्ये ते पाचव्या आणि १९८१ पासून नव्याने स्थापन झालेल्या अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयात गेले. १९९१ मध्ये त्यांनी ज्येष्ठ न्यायाधीशाचा दर्जा घेतला, म्हणजे जागा रिकामी करून कमी कामासह न्यायदान चालू ठेवले. निवृत्तीच्या वयाऐवजी तिथे ही सोय आहे. २३ जुलै १९९९ रोजी मॉन्टगोमेरीत त्यांचे निधन झाले. वायट प्रकरण मात्र चालूच राहिले होते. त्यांच्या जुन्या न्यायालयातील न्या. मायरन थॉम्पसन यांनी ते डिसेंबर २००३ मध्ये, दावा दाखल झाल्यापासून तेहतीस वर्षांनी, मानके पाळली गेल्याची खात्री करून बंद केले.

विद्यार्थ्याला वाचायचेच असेल तर वायट प्रकरणातील १९७२ च्या आदेशाचे परिशिष्ट आधी वाचावे, निकालपत्र नंतर. त्यानंतर आपल्या जिल्ह्यातील एखाद्या कारागृहाची मंजूर क्षमता आणि प्रत्यक्ष कैदीसंख्या माहितीच्या अधिकारात मागवावी; अर्ज कारागृहाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा आणि त्यात स्नानगृहे व शौचालयांची संख्याही स्वतंत्रपणे विचारावी.